गाडी कोण चालवत होतं?

दि. ३ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. नव्या कारखान्यात तुला खिडकीजवळचं टेबल मिळालं हे वाचून आईला फार बरं वाटलं. रंगांच्या छटा जुळवणाऱ्या माणसाला उजेड नको का, असं ती भाजी निवडताना पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझं बरं चाललंय. लॅबमध्ये कवळ्यांचं काम इतकं साचलंय की स्वप्नातसुद्धा दात दिसतात, आणि तेही दुसऱ्याचेच.

आता मुद्द्याचं. हे फोनवर सांगितलं नाही, कारण आपल्या घरी फोन म्हणजे बाहेरच्या खोलीतला जाहीर कार्यक्रम. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसतात आणि एकही पान उलटत नाहीत. म्हणून पत्र.

गाडीची समोरची काच फुटली आहे. फुटली म्हणजे, खालच्या बाजूला नखाएवढा टवका उडालाय आणि तिथून केसासारखा एक तडा वर निघालाय. परवा सकाळी छत्री विसरली होती ती घ्यायला खाली गेले, तेव्हा दिसलं. टवक्यावर कुणीतरी पारदर्शक चिकटपट्टी लावली होती, चारी कोपरे नीट दाबून. आणि ताई, ड्रायव्हरची सीट पार स्टिअरिंगला खेटेपर्यंत पुढे ओढलेली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. बाबांना समोरचं दिसतं, पण कडेचं सुटत चाललंय, आणि गेलेलं परत येत नाही. गाडी बंद. बाबांनी त्याच संध्याकाळी किल्ली आईच्या हातावर ठेवली आणि तिने ती चहाच्या डब्यामागे ठेवून दिली. पण डबा काही तिजोरी नव्हे. सीट पुढे ओढून, काचेला नाक लावून बाबा रस्ता शोधतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्यांना विचारायचं धाडस झालं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर क्लास चालवून अर्ध्या शहराला गाडी शिकवली, त्याला मी काय विचारू?

म्हणून मी परस्पर विमा कंपनीला फोन केला आणि सांगितलं की गाडी मी चालवत होते, पुढच्या ट्रकमधून खडा उडाला. माझं लायसन्स चालू आहे. चौकातल्या त्या धडकेनंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, हे कंपनीला कुठे माहीत आहे? गाडी आणि विमा तुझ्या नावावर आहेत, तेव्हा विचारणा तुझ्याकडे येईल. हो म्हणून मोकळी हो. टवका लहान आहे तोवर भरून मिळतो, तडा लांबला तर अख्खी काच बदलावी लागेल म्हणतात.

आई मजेत. गुडघ्यांसाठी रोज सकाळी फिरायला जाते ती बराच वेळ येत नाही. सपाट तळव्याचे कापडी बूट घेतलेत. चालून चालून खांदे दुखतात म्हणते. मी म्हटलं, तू काय हातांवर चालतेस?

माया आहे तशीच ठेव, तिला तरी तडा जाऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी

ता. क. आईचे आशीर्वाद. काच ती काच, मनाला लावून घेऊ नकोस. खोकल्याचं औषध घेतेस ना? बाकी पुढच्या खेपेला सविस्तर.


दि. ५ मार्च

चि. मोठीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं काढलंय. ओळ कागदाबाहेर गेली तर समजून घे, कागदाची कड मला आता अंदाजानेच ठाऊक आहे.

गाडीच्या काचेला खडा लागल्याचं धाकटीने तुला कळवलं असेल, किंवा नसेलही. मी कंपनीच्या कचेरीत फोन करून सांगितलंय की गाडी मी चालवत होतो. तिथल्या बाईंनी नाव, लायसन्स सगळं उतरवून घेतलं. तुला विचारलं तर तूही हेच सांग.

आता खरं ऐक, आणि तुझ्यापाशीच ठेव. मी गाडी काढलेली नाही. डॉक्टरांना शब्द दिलाय, तेव्हापासून मी ती फक्त पुसतो. पुसायला गेलो तेव्हा पाहिलं. काचेवर टवका, त्यावर पट्टी, आणि सीट स्टिअरिंगला खेटलेली. अशी सीट कोण ओढतं ते मला विचार. घाबरलेलं माणूस. त्याला वाटतं, चाकाच्या जितकं जवळ तितकं बरं. म्हणजे आपली धाकटीच. त्या धडकेनंतर टॅक्सीत बसली तरी डोळे मिटून घेणारी ही पोरगी कुणाला न सांगता गाडी बाहेर काढते, खडा लागल्यावर हातपाय न गाळता पट्टी चिकटवते आणि गाडी होती तिथे आणून लावते. खोटं कशाला बोलू, काच फुटलेली पाहून मला आनंद झाला.

तिला मात्र विचारू नकोस. विचारलंस की ती लाजाळूसारखी मिटेल. कंपनीने तिला उलटसुलट प्रश्न केले तर ती पुन्हा किल्लीकडे बघायची नाही. म्हणून मी पुढे झालो. माझं काय जाणार? फार तर म्हणतील, म्हातारा आंधळा गाडी हाकतो. त्यातलं अर्धं खरंच आहे.

मी गॅलरीत उभा राहून खालून जाणाऱ्यांचे गिअर ऐकतो. कोपऱ्यावर सगळे गाडीला रडवतात. हात शिवशिवतात, पाय शिवशिवतात, मग घरातल्या घरात फेऱ्या मारतो. तुझी आई फिरायला जाते तिला म्हटलं, मीही येतो. तर म्हणाली, तुमची चाल हळू आहे. ऐकून घेतलं.

लोभ वाढता ठेव, पण वेगमर्यादेत.

तुझे
बाबा


दि. १४ मार्च

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

कंपनीचं पत्र आलंय. एकाच गाडीच्या एकाच काचेबद्दल दोन माणसांनी फोन केले, आणि गाडी चालवणारी माणसंही दोन सांगितली. नुकसान बघायला त्यांचा सर्व्हेअर घरी येईल. महिनाअखेरीपर्यंत मी लेखी खुलासा दिला नाही तर क्लेम बंद. खाली एक वाक्य ठळक छापलंय, चुकीची माहिती दिल्यास पुढच्या वर्षी विमा नाकारला जाऊ शकतो. विम्याशिवाय गाडी म्हणजे दारात उभं केलेलं लोखंड.

बाबांनीही मला लिहिलंय. काय लिहिलंय ते सांगणार नाही, त्यांनी तसं बजावलंय. पण माझ्या कामात एक गोष्ट शिकायला मिळते. पांढरा रंग एकटा असला की पांढराच वाटतो. दोन पांढरे शेजारी ठेवले की त्यातला एक पिवळा आहे हे कळतं. तुमची दोन पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसते, आणि कधी हे पिवळं दिसतं, कधी ते. काल त्या नादात हस्तिदंतीचं अख्खं पिंप हिरवट निघालं. साहेब म्हणाले, बाई, तुमचं चित्त कुठे आहे? काय सांगू त्यांना?

तेव्हा सरळ विचारते. गाडी तू चालवत होतीस का? असशील तर मी इथे पेढे नाही पण कारखान्याच्या बोर्डावर तुझं नाव लावीन. नसशील तर बाबा. घरात तिसरं आहे कोण?

आणि बाबा असतील, धाकटे, तर मी गाडी विकणार. रागाने लिहीत नाही. रस्त्यावर कुणाचं लेकरू आडवं येतं तेव्हा ते समोरून येत नाही, कडेने येतं. ती गाडी मी घेतली ती आई-बाबांना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून कुठेतरी जाता यावं म्हणून. कुणाचा जीव जावा म्हणून नाही. विकली की दोघं घरात कोंडली जातील हे मला कळतं. कळतं म्हणूनच जेवण जात नाही.

खरं लिही. रागावलीस तरी चालेल, पत्र थांबवू नकोस.

तुझी
ताई


दि. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावले आहेच. तू लांब बसून गाडी विकणार, आणि इथे रिकाम्या जागेकडे बघत आम्ही बसणार. पण तू खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. मी नव्हते. किल्ली हातात घेतली तरी अजून माझ्या तळव्यांना घाम येतो.

काल सर्व्हेअर येऊन गेला. बारीक अंगाचा, मान खाली घालून बोलणारा माणूस. त्याने गाडीभोवती फिरून फोटो काढले. तडा आता हातभर झालाय. पट्टी बघून म्हणाला, ही लावणाऱ्याला समज आहे, टवक्यात धूळ जाऊ दिली नाही. बाबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी बाबांकडे रागाने पाहिलं. दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही. मग त्याने दार उघडून आत डोकावलं आणि आम्हा दोघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. इतके ताडमाड तुम्ही, सीट इतकी पुढे घेऊन गुडघे कुठे ठेवता, असं त्याने विचारलं. बाबा म्हणाले, ते ज्याचं त्याने बघावं.

वर आल्यावर त्याने कागद काढून एकच प्रश्न केला, की गाडी कोण चालवत होतं. मी आणि बाबा एकदमच म्हणालो, मी. त्याने पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कप देऊन झाल्यावर ट्रे हातात धरून ती दारात उभी राहिली आणि काहीतरी सांगायला लागली, की त्या दिवशी सकाळी ट्रक पुढे होता तेव्हा. पण बाबा म्हणाले, तू आधी साखर आण, चहात साखर कमी आहे. ती गेली. परत आली तेव्हा सर्व्हेअर निघाला होता. जाताना जिन्यात मला म्हणाला, आत कोण बसलंय ते खडा काही विचारत नाही, काच कुणीही चालवत असलं तरी फुटली असती. पण कागद विचारतो, आणि कागदावर दोन माणसं एका सीटवर बसवता येत नाहीत.

तो गेल्यावर बाबा आणि मी दिवसभर एकमेकांशी फार गोड वागलो. मला तर रडू येत होतं. ताई, गाडी विकू नकोस. तू विकलीस तर बाबांचं पुसणंही जाईल. सकाळी फडकं घेऊन जिना उतरताना ते अजून शिट्टी वाजवतात, तेवढं एक राहू दे. किल्ली मी लपवते. आत्ता डब्यामागे बघितली तर तिथे नाही, म्हणजे बाबांच्या खिशात असणार. काय करू ते लिही.

ओरडायचं तर ओरड, पण बाजूने उभी राहा.

तुझी
धाकटी


दि. २२ मार्च

ती. आईस,
मोठीचा शि. सा. न.

तुला वेगळं पत्र लिहायला बसले आणि लक्षात आलं, की हे पहिलंच. माझ्याकडे ट्रंकभर पत्रं आहेत. बाबांची, धाकटीची. तू त्या सगळ्यांच्या तळाशी दोन ओळींत आहेस, खोकल्याचं औषध विचारतेस आणि सविस्तर पुढच्या खेपेला ठेवतेस. ती खेप कधी आलीच नाही, आणि मीही ती कधी मागितली नाही.

इथे बाबा म्हणतात ते नव्हते, धाकटी म्हणते ती नव्हती. दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं धरून बसले होते. आज दुपारी डबा खाताना मनात आलं, दोघंही खरं बोलत असतील तर?

धाकटीने लिहिलंय, की सर्व्हेअरसमोर तू काही सांगत होतीस आणि तुला साखर आणायला पाठवलं. ट्रक पुढे होता तेव्हा, इथपर्यंत तू आली होतीस. तेव्हा काय, आई?

महिना संपत आला. मला खुलासा लिहायचाय, आणि हात कागदावर टेकत नाही. या वेळी सविस्तर लिही. पाठपोट लिही. मी वाट बघतेय.

तुझी
मोठी


दि. २६ मार्च

चि. मोठीस,
आईचे अनेक अनेक आशीर्वाद.

एवढा मोठा कागद घेऊन बसायची सवय नाही. मघापासून उठतेय आणि बसतेय, गॅसवर काही नाही तरी जाऊन बघून येतेय. तेव्हा एकदाच सांगून टाकते. गाडी मी चालवत होते.

तू बसली असशील तर बस, उभी असशील तर बस.

डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी टॅक्सीने आलो. हे मागच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना गाडीत मागे बसलेलं पाहिलं नव्हतं. हातांचं काय करावं ते ह्यांना समजेना. मांडीवर ठेवले, मग काखेत घातले, मग पुढच्या सीटची पाठ धरली. घरी येऊन किल्ली माझ्या हातावर ठेवली, जशी एखादी वस्तू सांभाळायला देतात तशी. मला वाटलं, मी का म्हणून नुसती सांभाळू?

लग्न नवं होतं तेव्हा एकदा म्हटलं होतं, मलाही शिकवा. तर हसून म्हणाले, बायकोला गाडी शिकवली की एक तर गाडी मोडते नाहीतर संसार. चारचौघांत सांगायला त्यांना एक विनोद झाला, आणि मी पुन्हा विचारलं नाही. पण क्लास भरायचा आपल्या बाहेरच्या खोलीत आणि मी असायचे दाराआड स्वयंपाकात. आधी सीट, मग आरसा, मग पट्टा, आणि हे तिन्ही झाल्यावरच किल्ली. कणीक मळताना मी ते इतक्यांदा ऐकलंय की माझी पोळीसुद्धा त्या चालीवर लाटली जाते. शिकायचं म्हणून जे राहिलं होतं ते फक्त हातापायांचं.

ह्यांची ती जुनी विद्यार्थिनी आठवते? दर चार हातांवर ब्रेक मारायची म्हणून ह्यांनी जिला ब्रेकवाली नाव ठेवलं होतं? आता तिचाच क्लास आहे. मी तिच्याकडे गेले. शिकाऊ लायसन्स काढलं, तिने सगळे कागद रीतसर केले. सकाळी फिरायला म्हणून निघायचे, हे अंघोळीला गेले की किल्ली घ्यायची, आणि ती कोपऱ्यावर येऊन शेजारी बसायची. माझ्या पायांना पेडल पोचत नाही, म्हणून सीट पुढे. तेवढी मागे सरकवायला मी विसरले, आणि त्यावरून तुम्ही सगळ्यांनी केवढं रामायण रचलंत. ह्यांना वाटलं धाकटी घाबरली. धाकटीला वाटलं ह्यांना दिसत नाही. घरात बुटकी कोण, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. डॉक्टर आत्ता म्हणतात ह्यांना कडेचं दिसत नाही. मला ते जुनंच आहे, आणि पोरीसुद्धा बापावरच गेल्या आहेत.

खड्याचं सांगते. नदीकडच्या रस्त्याला पुढे खडीचा ट्रक होता. मी अंतर ठेवलं होतं, पण त्याचं चाक खड्ड्यात गेलं आणि टक् असा आवाज झाला. ब्रेकवाली किंचाळली आणि तिने मोकळ्या जमिनीवर पाय दाबला. मी ब्रेक मारला नाही. मागे बस होती. हात सरळ ठेवले, वेग कमी केला, दिवा दाखवला, बाजूला घेतली. मग उतरून काच बघितली. पट्टी तिच्या पिशवीत होती. तिने फाडून दिली, मी चिकटवली.

त्याच दिवशी सांगणार होते. पण घरात कुणी काचेचं नावच काढेना. जो तो गोड बोलायचा आणि दुसऱ्याकडे चोरून बघायचा. मग कळलं की दोघांनीही कंपनीला आपापलं नाव दिलंय. मी खरं बोलले असते तर दोघं खोटे पडले असते. तरी त्या माणसासमोर तोंड उघडलं होतं, पण तुला माहीतच आहे, चहात साखर कमी होती.

तू खुलासा लिही. चालवणारी माझी आई. ब्रेकवाली तिचा जबाब द्यायला तयार आहे. आणि गाडी विकू नकोस. मी हे हौसेसाठी करत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला, हौसही आहे. सकाळी त्या रस्त्याला सगळ्या खिडक्या खाली करून गाडी तिसऱ्या गिअरला पडते ना, तेव्हा मला माझं वय आठवत नाही. पण ह्यांना मागे बसू द्यायचं नाही, हेही तितकंच आहे. शेजारी बसतील. त्यांना समोरचं दिसतं, मला कडेचं.

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी ह्यांना वाचून दाखवणार आहे. न ऐकून जातील कुठे?

औषध घे. माझी आठवण आली तर या वेळी काळजीने नको, जरा तोऱ्याने काढ.

तुझी
आई

ता. क. वाचून दाखवलं. हे उठून गॅलरीत गेले, आणि तेव्हापासून तिथे येरझारा घालतायत. धाकटी म्हणते मी जाऊन बघते, मी म्हटलं राहू दे. पाकीट बंद करते.


दि. ११ एप्रिल

चि. मोठीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा खुलासा कंपनीला वेळेत पोचला. आमच्याकडची हकीकत मी लिहितो, कारण बाकीच्या दोघी हसत सुटल्या आहेत.

पत्र ऐकल्यावर काही दिवस मी तुझ्या आईवर रागावून होतो. राग ती शिकली याचा नव्हता. ब्रेकवालीकडे शिकली याचा होता. जिला मी क्लच सोडायला शिकवता शिकवता म्हातारा झालो, तिच्याकडे माझी बायको. हे मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, बाबा, तुमच्याकडे जागा रिकामी नव्हती. यावर उत्तर शोधत मी गॅलरीत बरंच चाललो.

मग सर्व्हेअर पुन्हा आला. या खेपेला खुर्चीवर तुझी आई बसली. पदर नीट करून, कोर्टात बसतात तशी. तिने ट्रक, खड्डा, मागची बस, सगळं क्रमाने सांगितलं. तो लिहून घेत होता. मध्येच चहा आला आणि त्यात साखर कमी निघाली. ती उठायला लागली. मी म्हटलं, तू बोल. आणि साखर आणायला मी गेलो. आत जाऊन उभा राहिलो, तर साखर कुठे असते तेच मला माहीत नाही. सगळे डबे उघडून बघितले. मिळाली तेव्हा बाहेर सह्या झाल्या होत्या आणि चहा निवला होता. सर्व्हेअर म्हणाला, गाडी मी चालवत नव्हतो, असं सांगणारी घरं रोज बघतो. मीच चालवत होतो म्हणून भांडणारं घर हे पहिलंच. मला आणि धाकटीला लेखी माफी मागायला लावली. मागितली. मग क्लेम मंजूर झाला.

तडा तोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता, म्हणून अख्खी काच बदलली. बसवणाऱ्यांच्या शेजारी मी उभा होतो. ते म्हणाले, डिंक वाळेपर्यंत गाडी हलवायची नाही, उद्या काढा. तो दिवस काही सरता सरेना. घरात तिघंही कुठेच टिकून बसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी निघालो. धाकटी मागे, डोळे उघडे ठेवून. मी शेजारी. तुझ्या आईने आधी सीट बघितली, मग आरसा, मग पट्टा. मी जीभ दाताखाली धरून बसलो. पण माझा पाय काही ऐकेना. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असायचा. या गाडीत तिथे नुसती जमीन आहे, आणि प्रत्येक वळणाला मी ती दाबत होतो. नदीकडच्या रस्त्याला एक सायकलवाला माझ्या बाजूच्या कडेने आला. तो मला गाडीच्या पुढे आल्यावरच दिसला. तिने त्याला केव्हाच पाहिलं होतं आणि वाटही दिली होती. त्यानंतर मी पाय मागे घेतला.

मी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या चुकीवरून नाव ठेवलं. घरी येताना तिने विचारलं, माझं काय? मी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग बघू. अजून तरी काही सुचलेलं नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. धाकटीनेही परवा गाडी बंद ठेवून नुसतंच स्टिअरिंगवर बसून घेतलं. तिला विचारू नकोस.

आज सकाळी गाडी पुसायला गेलो. पुसून झाल्यावर, सवयीने, सीट मागे सरकवायला खाली हात घातला. कडी सापडली, ओढलीसुद्धा. मग सोडून दिली आणि सीट पुढेच राहू दिली.

तू आलीस की स्टेशनवर घ्यायला आम्ही दोघं येऊ. लोभ आहेच, तो आता शेजारच्या सीटवरून समज.

तुझे
बाबा